स्विच बंद-चालू केला की नेटवर्क चालतं, चार दिवसांनी पुन्हा बसतं

"दादा, टॅली परत अटकलं. स्विच बंद-चालू केला तर चाललं, आता पुन्हा तेच." इंदूरच्या रामबागेतल्या एका सीए ऑफिसातून हा फोन महिन्याच्या १० तारखेच्या आसपास यायचा, मग १८-१९ ला. मधले दिवस शांत. माझ्याआधीच्या दुरुस्तीवाल्याने स्विच, म्हणजे ऑफिसातले सगळे संगणक केबलने एकमेकांना जोडणारी पेटी, बदलून पाहिला होता, राउटरही बदलून पाहिला होता. पैसे गेले, दुखणं होतं तिथेच राहिलं.

सीए ऑफिसात या तारखांचं कारण कोणालाही ठाऊक असतं. ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी, ही जीएसटीची मासिक विवरणपत्रं भरायची मुदत. त्यामुळे सगळ्यांनी एकमुखाने "लोड वाढतो" असं ठरवून टाकलं होतं. पण टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि जीएसटी पोर्टल चालवणारे वीसेक संगणक २४ पोर्टच्या गिगाबिट स्विचला अजिबात जड नसतात. त्या तारखांना लोडशिवाय आणखी काय बदलतं, हे कोणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसांत आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी काम शिकणारी मुलं उशिरापर्यंत थांबतात, मीटिंगच्या खोलीत बसतात आणि आपापले लॅपटॉप आणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बंद करण्याआधी दोन मिनिटं

या दुखण्यात स्विचचं बटण दाबण्याची घाई फार नडते. बहुतेक छोट्या मॅनेज्ड (म्हणजे आत शिरून सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, रॅममध्ये असतो, वीज गेली की पुसला जातो. कोणता मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळखक्रमांक) कोणत्या पोर्टवर दिसला याचं टेबलही जातं, पोर्टचे आकडेही शून्यावर येतात. चोर पकडायचा आणि आधी घर झाडून-पुसून घ्यायचं, असला तो प्रकार. म्हणून ऑफिसमधल्या माणसाला मी एवढंच सांगून ठेवतो: स्विचच्या दिव्यांचा मोबाइलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा, ज्याचं अटकलं आहे त्याच्या संगणकावर आयपीकॉन्फिग ऑल (ipconfig /all) ही कमांड चालवून पडद्याचा फोटो काढा, आणि मग हवं तर बटण दाबा.

बंद-चालू केल्यावर किती वेळ बरं चालतं, हासुद्धा पुरावा आहे. स्विच सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात पुन्हा सगळं ठप्प होत असेल तर केबलचा लूप, म्हणजे केबल फिरून पुन्हा त्याच स्विचला येणं, जवळजवळ नक्की. तासभर किंवा दिवसभर नीट चालून मग एकेक जण बसत असेल तर पत्त्यांचा घोळ, म्हणजे संगणकांना आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी या व्यवस्थेचा. दुपारी दोन ते पाच या वेळेतच, तेही मे महिन्यात, होत असेल तर रॅक कुठे टांगलाय ते बघा. पुष्कळ छोट्या स्विचना ० ते ४० अंशांपर्यंतच चालवायचं असं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे मध्ये बाहेरचाच पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर बंद पेटीत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. सियागंजातल्या गोदामांच्या वरच्या मजल्यावर तर पेटीच्या जाळीवर मिरची-हळदीची धूळही बसलेली असते. तिथे सेटिंगला हात लावण्याआधी ब्रश घ्या.

दुसरा प्रश्न त्याहून कामाचा: सगळ्यांचं गेलं की काहींचंच? सगळ्यांचं एकदम जाणं आणि शेजारच्या टेबलावरचं चालू असताना आपलं जाणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. फोनवर दोन्हींचं नाव "नेट गेलं" असंच असतं.

रामबागेत काय निघालं

तिथे काहींचंच जात होतं. सकाळी आल्यावर ज्यांनी संगणक चालू केला त्यातले सहा-सात बसायचे. ज्यांचे आदल्या रात्रीपासून चालूच होते, ते बिनधास्त. बसलेल्या एका संगणकावर आयपीकॉन्फिग ऑल चालवलं तर पत्ता निघाला १९२.१६८.०.१०३. ऑफिसचे सगळे पत्ते मात्र १९२.१६८.१ ने सुरू होणारे. त्याच यादीत "डीएचसीपी सर्व्हर" अशी एक ओळ असते, ती सहसा कोणी वाचत नाही. तिथे १९२.१६८.०.१ होतं. ऑफिसचा राउटर १९२.१६८.१.१ वर. म्हणजे पत्ते वाटणारा दुसराच कोणीतरी इमारतीत बसला होता.

डीएचसीपीची रीत साधी आहे. संगणक चालू होतो, "कोणी पत्ता देता का" असं सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतो आणि बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. देणारा खरा की उपटसुंभ, हे तपासायची सोय त्या रीतीत नाही. ज्याच्याकडे पत्ता आहे तो मुदत निम्मी संपली की नूतनीकरण मागतो, पण तेव्हा तो थेट आपल्या जुन्या सर्व्हरलाच विचारतो. म्हणून रात्रभर चालू राहिलेले संगणक वाचले आणि सकाळी सुरू झालेले सापडले. स्विच बंद-चालू केला की सगळ्यांची लिंक तुटते, सगळे पुन्हा पत्ता विचारतात आणि नव्याने शर्यत लागते. कधी खरा राउटर जिंकतो, कधी दुसरा. ऑफिसवाले याला "स्विच ठीक झाला" म्हणत होते.

उपटसुंभाचं घर शोधायला स्विचच कामी येतो. बसलेल्या संगणकावर एआरपी टेबल, म्हणजे कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणता मॅक पत्ता आहे याची यादी, बघा (arp -a), १९२.१६८.०.१ समोर त्याचा मॅक पत्ता लिहिलेला मिळतो. त्याची पहिली सहा अक्षरं कंपनीची असतात, त्यावरून वस्तू कोणत्या प्रकारची असावी याचा अंदाज येतो. मग ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या स्विचच्या सेटिंगच्या पानावर मॅक ॲड्रेस टेबल उघडा आणि तो पत्ता शोधा. समोर पोर्ट नंबर येईल. आमच्याकडे १८ आला. हे त्याच वेळी करा, जेवून आल्यावर नाही. बहुतेक स्विचमध्ये गप्प बसलेला पत्ता ३०० सेकंदांनी टेबलातून पुसला जातो.

१८ नंबर म्हणजे मीटिंगची खोली. टेबलाखाली एक जुना वायफाय राउटर, भिंतीतल्या पॉइंटमधून केबल काढून त्याच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टात खोचलेली. मुलांना लॅपटॉपला वायफाय हवं होतं, कपाटात हा पडलेला होता, कोणीतरी लावला. काम झालं की काढून परत कपाटात. म्हणूनच महिन्यातले दोनच दिवस. मुलांची काही चूक नव्हती. त्या खोलीत वायफाय पोहोचत नाही ही तक्रार त्यांनी आधी केलेली होती.

राउटर फेकायची गरज नसते. ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय देण्याची सोय, असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला ऑफिसच्या रांगेतला एक मोकळा पत्ता द्या आणि केबल लॅन पोर्टातच ठेवा. क्रम हाच ठेवा, आणि हे सगळं ऑफिसच्या केबलला जोडण्याआधी आपल्या लॅपटॉपवर उरकून घ्या. केबल वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टात घातली तरी पत्ते वाटणं थांबतं, पण मग लॅपटॉप राउटरच्या आड जातात. ऑफिसमधून ते दिसत नाहीत, नेटवर्क प्रिंटरही आपोआप सापडत नाही, आणि मुलं आणखी काहीतरी जुगाड करतात.

पुन्हा कोणी लावला तरी चालावं म्हणून

माणसांना सूचना देऊन हे थांबत नाही. दर वर्षी मुलं नवी येतात. यासाठी मॅनेज्ड स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग असतं. ज्या पोर्टवर खरा राउटर आहे तो "ट्रस्टेड", बाकी सगळे नाहीत. अविश्वासू पोर्टवरून पत्ता वाटण्याचं उत्तर आलं की स्विच ते तिथेच टाकून देतो.

लावताना आधी राउटरचा पोर्ट ट्रस्टेड करा, नंतर स्नूपिंग चालू करा. उलटं केलंत तर खऱ्या राउटरचंच तोंड बंद होतं आणि नव्याने कोणालाही पत्ता मिळत नाही. विंडोज मग १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतं. राउटर दुसऱ्या स्विचच्या पलीकडे असेल तर त्या स्विचकडे जाणारा पोर्ट ट्रस्टेड हवा.

याची एक मर्यादा आहे आणि विकणारे ती सांगत नाहीत. मीटिंगच्या टेबलावर आठ पोर्टचा साधा स्विच ठेवला आणि त्यालाच तो जुना राउटर व पाच लॅपटॉप जोडले, तर त्या पाचांना चुकीचे पत्ते मिळतच राहतील. तो संवाद मोठ्या स्विचपर्यंत येतच नाही, तो अडवणार कसा? फायदा एवढाच की रोग त्या टेबलापुरता राहतो, अकाउंट्सच्या खोलीपर्यंत पोचत नाही. टॅलीचा डेटा ज्या संगणकावर आहे त्याला मात्र डीएचसीपीच्या भरवशावर सोडूच नका. राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवा किंवा वाटपाच्या रांगेबाहेरचा कायमचा पत्ता द्या.

सगळ्यांचं एकदम जात असेल तर

स्विचसमोर उभे राहा. केबल लावलेल्या सगळ्या पोर्टचे दिवे एकाच तालात, थांबत नाहीत असे भराभर लुकलुकत असतील तर लूप समजा. एरवी दिवे आपापल्या कामाप्रमाणे सुटे सुटे चमकतात.

होतं काय, तर एकाच छोट्या स्विचपासून मोठ्या स्विचपर्यंत दोन केबल जातात. भिंतीत दोन पॉइंट, एकाची केबल लोंबकळताना दिसली, कोणीतरी नीटनेटकेपणा म्हणून ती रिकाम्या पोर्टात खोचली. साफसफाईच्या दिवशी हे हमखास होतं, आणि दिवाळीच्या आधी तर विचारूच नका. सगळ्यांसाठी पाठवलेली (ब्रॉडकास्ट) एक फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, एका केबलने जाते, दुसरीने परत येते, पुन्हा जाते. आयपीच्या पाकिटाला दर राउटरगणिक कमी होत जाणारं आयुष्य असतं. इथरनेटच्या फ्रेमला तसं काही नाही, ती केबल तुटेपर्यंत फिरते. एक गिगाबिटच्या पोर्टवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४.८८ लाख मावतात. त्या प्रत्येक संगणकाच्या दारात येऊन पडतात. स्विचचा स्वतःचा छोटा प्रोसेसरही गुदमरतो, त्यामुळे अशा वेळी त्याचं पानही सहसा उघडत नाही. लॉगिन करण्यात वेळ घालवू नका. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या केबल एकेक करून काढा. ज्या केबलने दिवे क्षणात शांत होतील ती धरून तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा.

यावरचा उपाय फार जुना आहे. स्पॅनिंग ट्री म्हणजे एसटीपी, रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढलेली युक्ती: स्विच आपसात संदेश पाठवून फिरकी ओळखतात आणि जादा वाट बंद ठेवतात. आजच्या स्विचमध्ये तिची वेगवान आवृत्ती, आरएसटीपी, असते. इतकी जुनी आणि फुकटची सोय असूनही बऱ्याच स्वस्त मॅनेज्ड स्विचमध्ये ती कारखान्यातून बंदच येते. पेटीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, म्हणून चालू असेल असं लोक धरून चालतात.

चालू करताना तीन गोष्टी बघा. मुख्य स्विचचं प्रायॉरिटी ३२७६८ असतं, ते ४०९६ करा; ज्याचा आकडा सर्वांत लहान तो स्विच प्रमुख होतो. सगळ्यांचं सारखं राहिलं तर ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो प्रमुख होतो, आणि तो पुष्कळदा कोपऱ्यातला सर्वांत जुना डबा निघतो. संगणक आणि प्रिंटर लावलेले पोर्ट "एज" करा, म्हणजे ते न थांबता लगेच उघडतील. नाहीतर जुन्या पद्धतीत पोर्ट उघडायला १५ आणि १५ असे ३० सेकंद जातात, तेवढ्यात आजचा संगणक सुरू होऊन, पत्ता न मिळाल्याने रुसून बसलेला असतो. तिसरी गोष्ट, हे काम ऑफिस सुटल्यावर करा.

साध्या, अनमॅनेज्ड स्विचमध्येच एका केबलची दोन्ही टोकं खोचली असतील तर एसटीपीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. तिचे संदेश काही साधे स्विच पुढे पाठवतात, काही गिळून टाकतात. त्यासाठी लूपबॅक डिटेक्शन नावाची वेगळी सोय असते. मोठा स्विच आपलीच खूण असलेली फ्रेम सोडतो आणि ती परत आली की तो पोर्ट बंद करतो. चालू करा, आणि काही मिनिटांनी पोर्ट आपोआप उघडण्याची वेळही घाला, नाहीतर केबल काढल्यावरही पोर्ट मेलेलाच राहील आणि पुन्हा तुम्हालाच फोन येईल. स्टॉर्म कंट्रोल म्हणजे ब्रॉडकास्टवर मर्यादा. त्याने लूप जात नाही, पण पान उघडण्याइतका श्वास मिळतो.

सगळं लावलं, आणि लाइट गेली

हे सगळं नीट करूनही महिन्याभराने तक्रार परत येते. पानावर जाऊन बघावं तर स्नूपिंग बंद, एसटीपी बंद, जसं काही कोणी केलंच नव्हतं. कोणी छेडछाड केलेली नसते. पुष्कळ स्विचमध्ये "अप्लाय" दाबलं की सेटिंग फक्त चालू स्थितीला लागू होते. ती कायमची ठेवायला वर कोपऱ्यात वेगळं "सेव्ह" किंवा "सेव्ह कॉन्फिग" असतं, त्याच्याकडे नजरच जात नाही. जूनच्या पहिल्या वादळात लाइट जाते, स्विच पुन्हा सुरू होतो आणि जुनी सेटिंग उचलतो. इन्व्हर्टरवर असला तरी बदलाच्या त्या क्षणी काही स्विच गचका खाऊन नव्याने सुरू होतात. म्हणून काम झालं की सेव्ह करा, मग समोर उभं राहून स्विच एकदा मुद्दाम बंद-चालू करा आणि सेटिंग टिकली का ते पाहा. या एका वेळेला बंद-चालू करण्यावर माझा आक्षेप नाही. टिकली की कॉन्फिगची फाइल उतरवून ऑफिसच्या संगणकावर ठेवा.

त्याच बैठकीत वेळही लावून घ्या. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याची सोय) चालू, वेळक्षेत्र ५:३० पुढे. नाहीतर लॉगमध्ये सगळ्या घटना १९७० साली किंवा २००० साली घडल्यासारख्या दिसतात आणि कालचं काय, आजचं काय, कळत नाही. ऑफिसात कायम चालू असणारा संगणक असेल तर सिसलॉग, म्हणजे स्विचच्या नोंदी, तिकडे पाठवा, मग कोणी बटण दाबलं तरी पुरावा उरतो.

स्विचच्या स्वतःच्या पत्त्याबद्दल: कारखान्यातून काही १९२.१६८.०.१ ने येतात, काही १९२.१६८.१.२५४ ने, काही १०.९०.९०.९० ने. खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. लॅपटॉपला त्याच रांगेतला पत्ता हाताने देऊन आत शिरा आणि ऑफिसच्या रांगेतला, वाटपाबाहेरचा एक पत्ता द्या. आमच्याकडे १९२.१६८.१.२ ठेवला. पासवर्ड बदला. कोणी टाचणीने रिसेट दाबला तर स्विच मूळ पत्त्यावर परत जातो, आणि तोच पत्ता राउटरचा असेल तर भलताच गोंधळ होतो. कॅमेऱ्यांचंही तेच. चार कॅमेरे एकदम जोडले आणि सगळे कारखान्यातून एकाच पत्त्याचे निघाले, तर ते आपसात भांडतात. एकेक जोडा, पत्ता बदला, मग पुढचा.

एकाच टेबलाचं रडगाणं

तिथे नेटवर्कच्या सेटिंगमध्ये शोधू नका. पोर्टच्या आकड्यांत सीआरसी चुका (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) वाढताना दिसतात का आणि गती १००० ऐवजी १०० आहे का, एवढंच बघा. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, त्यामुळे एखादी तार तुटली की लिंक मुकाट्याने १०० वर उतरते आणि टॅलीचा बॅकअप रेंगाळतो. आधी पॅच कॉर्ड बदला, मग पोर्ट, मग भिंतीतला पॉइंट पुन्हा क्रिम्प करा. छतावरून गेलेली केबल उंदरांनी कुरतडलेली निघते, हे जुन्या इंदुरी वाड्यांतून थाटलेल्या ऑफिसांत नेहमीचं. जेल रोडवर केबल घेताना भाव फारच कमी सांगितला तर टोक सोलून चाकूने खरवडा. आत पांढरं निघालं तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार आहे. ती ठिसूळ असते, लांब पल्ल्यात चुका देते आणि त्यावरून कॅमेऱ्याला वीज नेली तर तापते.

ज्यांच्याकडे फक्त साधा, अनमॅनेज्ड स्विच आहे त्यांना टेबल नाही, लॉग नाही. त्यांनी अर्ध्या केबल काढायच्या, दुखणं उरलं का ते बघायचं, उरलं तर लावलेल्यांतल्या पुन्हा अर्ध्या काढायच्या. चोवीस पोर्टना पाच खेपांत उत्तर निघतं, पण फक्त दुखणं चालू असताना. नवा घेणार असाल तर दुकानदाराला "मॅनेज्ड आहे का" असं विचारू नका, तो हो म्हणेल. डीएचसीपी स्नूपिंग, आरएसटीपी आणि लूपबॅक डिटेक्शन या तिन्ही गोष्टी त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात छापलेल्या दाखवा म्हणा. "स्मार्ट" नावाने विकल्या जाणाऱ्या काहींमध्ये फक्त व्हीलॅन (एका स्विचवर वेगवेगळी नेटवर्क करण्याची सोय) आणि लूप प्रिव्हेन्शन असतं, स्नूपिंग नसतं, आणि रामबागेतलं दुखणं त्याने गेलं नसतं.